टू-टू पिस्तूल सारखं अडकत होतं, त्यावरचा उपाय (माझा अनुभव)

बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर २५ मीटरच्या सरावात माझं टू-टू (०.२२ इंची) सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल सारखं अडकायचं. कधी रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये (बार उडाला की मागे सरकून पुंगळी बाहेर टाकणारा भाग) चिमटायची, कधी घोडा पडूनही बार उडायचा नाही. सगळ्यांचं निदान एकच: स्प्रिंग बदल.

त्याआधी काडतुसांकडे बघायचं ठरवलं. पॉइंट टू-टू रिमफायर आहे, म्हणजे पेटवणारा मसाला पुंगळीच्या काठात, रिममध्ये भरलेला असतो. तो सगळीकडे सारखा पसरला नाही की फायरिंग पिन नेमकी रिकाम्या जागी पडते. न उडालेली काडतुसं (नळी टार्गेटकडेच धरून, थोडं थांबून काढलेली) निरखली, तर पिनेची खूण चांगली खोल होती. म्हणजे दोष पिस्तुलात नव्हता.

मग दोन-तीन प्रकारची काडतुसं आणली, सगळी ४० ग्रेन वजनाच्या गोळीची, स्टँडर्ड व्हेलॉसिटीची (नेहमीच्या वेगाची). चेंबर (काडतूस बसते ती जागा) साफ करून, तेच मॅगझिन वापरून, प्रत्येक पेटीचा लॉट नंबर वहीत टिपत मारली. स्वस्तातली पेटी लगेच उघडी पडली: आवाज कमी-जास्त, गोळ्या वर-खाली, आणि दाब कमी पडला की स्लाइड पुरती मागेच जाईना. सगळ्यात महागडी मॅच (स्पर्धेसाठीची) काडतुसं अचूक, पण खिशाला न परवडणारी. शिवाय त्यांच्या मेणकट थरानं चेंबर लवकर चिकट व्हायचं. मधल्या भावाची पिस्तुलाला मानवली.

आता सरावाला तीच, एकाच लॉटची घेतो. स्प्रिंग जुनीच आहे.