झूम करताना या चुका टाळा: ऑप्टिकल कुठे संपतो आणि डिजिटल कुठे सुरू होतो

हिवाळ्यात उजनीच्या जलाशयावर रोहित पक्षी येतात आणि भिगवणच्या होड्यांमधून त्यांचे असंख्य फोटो काढले जातात. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिलं, की त्यांतल्या बऱ्याच फोटोंत नुसते गुलाबी डाग दिसतात. चोच कुठे संपते, मान कुठे वळते, काही कळत नाही. फोन चांगला असतो, ऊन स्वच्छ असतं, हातही फारसा हललेला नसतो. तरी असं का होतं, याचं उत्तर बहुतेक वेळा झूममध्येच सापडतं. पडद्यावर १०एक्स (म्हणजे दहापट झूम) लिहून आलेलं असतं, पण भिंगाने त्यातलं निम्मंही काम केलेलं नसतं.

ऑप्टिकल झूममध्ये भिंगांची आतली मांडणी सरकते, फोकल लांबी (मिमीमध्ये मोजतात; जितकी जास्त, तितकं दूरचं मोठं दिसतं) वाढते आणि कॅमेऱ्याला दृश्याचा कमी भाग दिसू लागतो. पण तो कमी भाग अख्ख्या सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) पसरून पडतो. पक्ष्याच्या वाट्याला जास्त पिक्सेल (चित्राचे ठिपके) येतात. डिजिटल झूममध्ये भिंग जागचं हलत नाही. सेन्सरवर आलेल्या चित्राचा मधला तुकडा कापला जातो आणि अधल्यामधल्या जागा अंदाजाने भरून तो पुन्हा पूर्ण आकाराचा केला जातो. काटछाट रुंदी आणि उंची अशी दोन्हीकडून होत असल्यामुळे नुकसान झपाट्याने वाढतं. १२ मेगापिक्सेलच्या चित्रावर २एक्स डिजिटल झूम केला, की खरे उरतात ३ मेगापिक्सेल. ४एक्सला पाऊण. १०एक्सला ०.१२, म्हणजे साधारण ४०० बाय ३०० ठिपक्यांचं चित्र. साठवलेली फाइल मात्र बहुतेक फोनमध्ये १२ मेगापिक्सेलचीच असते, त्यामुळे फोटोचा आकार पाहून यातलं काहीच लक्षात येत नाही.

खोक्यावरचा आकडा तसाच धरून चालणं

सॅमसंगने २०२० मध्ये गॅलॅक्सी एस२० अल्ट्रा आणला, तेव्हा १०० पट झूमची मोठी जाहिरात झाली. त्या फोनमधल्या टेलिफोटो (दूरचं जवळ आणणाऱ्या) भिंगाचा ऑप्टिकल झूम होता साधारण ४ पट. उरलेलं सगळं कापणं, ताणणं आणि संगणकीय सफाई. जुन्या हँडीकॅमच्या खोक्यांवरही हीच रीत होती: ऑप्टिकल २० पट बारीक अक्षरांत आणि डिजिटल शेकडोपट ठळक अक्षरांत. खरेदी करताना डिजिटलचा आकडा पूर्ण बाजूला ठेवा. त्याच्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑप्टिकलचे आकडेही सगळीकडे एकाच मापाचे नसतात. साध्या कॅमेऱ्यात ही ‘पट’ म्हणजे त्याच भिंगाच्या सर्वात लांब आणि सर्वात आखूड फोकल लांबीचं गुणोत्तर. १८-५५ मिमीचं भिंग ३ पट. ६०० मिमीच्या स्थिर भिंगाला झूम अजिबात नसतो, पण दूरचा पक्षी टिपायला ते त्या ३ पटवाल्यापेक्षा कितीतरी सरस. फोनवर ‘पट’ मोजतात ती मुख्य कॅमेऱ्याच्या तुलनेत. आयफोन १५ प्रो मॅक्समध्ये मुख्य कॅमेरा २४ मिमीचा आणि ५एक्स १२० मिमीचा (ही फुलफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या ३६ बाय २४ मिमी सेन्सरच्या हिशेबातली मापं). निकॉनचा पी९०० हा २०१५ चा ब्रिज कॅमेरा (भिंग न बदलता येणारा, मोठ्या झूमचा) २४ पासून २००० मिमीपर्यंत जातो. २०१८ चा पी१००० थेट ३००० मिमीपर्यंत, तोही निव्वळ ऑप्टिकल. म्हणून तुलना करायची तर मिलिमीटरमध्ये करा. दुकानदाराला विचारायचा प्रश्नही तोच: सर्वात लांबची फोकल लांबी किती मिमी?

फोनवर ५एक्स दाबलं की ५एक्सचं भिंगच चालू झालं असं समजणं

सर्वात जास्त फोटो या एका समजुतीने बिघडतात, आणि तिची चर्चा सर्वात कमी होते.

आजच्या बहुतेक फोनमध्ये आत-बाहेर सरकणारं भिंग नसतं. दोन-तीन वेगवेगळे कॅमेरे असतात आणि प्रत्येकाची फोकल लांबी ठरलेली असते. तुम्ही ३एक्स किंवा ५एक्सचं बटण दाबता, पण कोणता कॅमेरा वापरायचा हा निर्णय शेवटी फोन घेतो. उजेड कमी असेल, किंवा वस्तू टेलिफोटो भिंगाच्या फोकसच्या मर्यादेपेक्षा जवळ असेल, तर फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्यावर जातो आणि त्याच्या चित्राचा मधला तुकडा मोठा करून दाखवतो. बटण ५एक्सच दाखवत राहतं.

असं करण्यामागे कारण आहे. त्याच आयफोन १५ प्रो मॅक्समध्ये मुख्य कॅमेऱ्याचं प्रकाश आत घेणारं छिद्र एफ/१.७८, तर टेलिफोटोचं एफ/२.८ (एफचा आकडा मोठा, तर प्रकाश कमी). तेवढ्यानेच प्रकाश सुमारे अडीचपट कमी होतो, आणि टेलिफोटोचा सेन्सर लहान असतो ते वेगळंच. संध्याकाळी मांडवातल्या दिव्यांत किंवा शाळेच्या गॅदरिंगमध्ये फोन मुख्य कॅमेऱ्याकडे वळतो तो यासाठी. लग्नात हातावरची मेंदी जवळून टिपायला ५एक्स दाबलं, तरी तेच होतं. तिथे अडचण अंतराची असते.

तपासायला सोपं आहे. आधी १एक्सवर एकेक भिंग बोटाने झाकून मुख्य भिंग कोणतं ते शोधून ठेवा. मग ५एक्सवर जाऊन तेच मुख्य भिंग झाका. पडद्यावरचं चित्र काळं झालं, तर तुमचं ५एक्स त्या क्षणी डिजिटल आहे. फोटो काढल्यानंतर पाहायचं असेल तर गॅलरीत त्याचे तपशील उघडा आणि एफचा आकडा बघा. टेलिफोटोचा आकडा हवा होता आणि मुख्य कॅमेऱ्याचा दिसतोय, तर भिंग बदललंच नव्हतं.

उपाय: मेंदीसारख्या जवळच्या वस्तूसाठी दोन पावलं मागे सरका, टेलिफोटो बहुधा आपोआप चालू होतो. अंधारासाठी प्रो मोड (सगळं स्वतः ठरवायची सोय) असेल तर तिथे भिंग स्वतः निवडा. बऱ्याच फोनमध्ये तिथली निवड फोन बदलत नाही. अंधार फारच असेल, तर मात्र मुख्य कॅमेऱ्यावर १एक्सलाच राहणं चांगलं. तिथे फोन हट्टाने टेलिफोटो टाळत असेल, तर बहुतेक वेळा त्याचंच बरोबर असतं.

दोन टप्प्यांच्या मध्ये थांबणं

दोन बोटांनी पडदा ताणून झूम करायची सवय लागली, की आपण ४.३, ४.७, ४.९ अशा कुठल्याही आकड्यावर थांबतो. १एक्स आणि ५एक्स असे दोनच खरे कॅमेरे असलेल्या फोनवर ४.९एक्सचं चित्र मुख्य कॅमेऱ्यातूनच येतं, त्याचा जेमतेम चोविसावा हिस्सा वापरून. आणखी किंचित सरकून ५एक्स गाठलं, की अख्खा टेलिफोटो सेन्सर हाताशी येतो. बोटांनी ताणू नका, बटणं दाबा. आपल्या फोनचे खरे टप्पे कोणते ते एकदा कंपनीच्या माहितीपत्रकात पाहून ठेवा, कारण पडद्यावरचं प्रत्येक बटण म्हणजे वेगळं भिंग असतंच असं नाही.

२एक्सचं बटण त्यात खास आहे. बऱ्याच नव्या फोनमध्ये ४८ किंवा ५० मेगापिक्सेलच्या मुख्य सेन्सरचा मधला १२ मेगापिक्सेलचा भाग घेऊन ते चित्र बनवलेलं असतं. तांत्रिकदृष्ट्या ही काटछाटच, पण हातात पूर्ण १२ मेगापिक्सेल उरतात, त्यामुळे चांगल्या उजेडात ते बिनधास्त वापरावं. माणसांच्या फोटोंना तर ते फार छान जमतं.

मग डिजिटल झूम करण्यापेक्षा नंतर क्रॉप केलेलं (फोटो कापलेला) बरं का? कॅमेऱ्यावर, विशेषतः रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली माहिती) काढत असाल तर, नि:संशय नंतर क्रॉप करा. चौकट कशी बसवायची तेही मग निवांत ठरवता येतं. फोनवर उत्तर इतकं सरळ नाही. गूगलने २०१८ मध्ये पिक्सेल ३ पासून अशी पद्धत आणली, की हाताच्या नैसर्गिक कंपामुळे किंचित सरकलेल्या अनेक चौकटी (लागोपाठ टिपलेली चित्रं) एकत्र करून थोडा खरा तपशील मिळवता येतो. अशा फोनवर थोडासा डिजिटल झूम हा नंतरच्या क्रॉपपेक्षा सरस ठरू शकतो. एकाच खिडकीतून समोरच्या इमारतीवरची पाटी दोन्ही प्रकारे टिपून पाहा, तुमच्या फोनचा निकाल लगेच लागेल.

चंद्रावरून झूमची परीक्षा घेणं

कोजागरीच्या रात्री हे हमखास होतं. आकाशात चंद्र जेमतेम अर्धा अंश रुंद असतो. १२० मिमीच्या फोन-कॅमेऱ्यात, ४००० पिक्सेल रुंद चित्रावर, त्याच्या वाट्याला साधारण सव्वाशे पिक्सेल येतात. विवरं ठसठशीत दिसावीत एवढा तपशील त्यात मावत नाही. २००० मिमीच्या पी९०० मध्ये तोच चंद्र चौकटीची सुमारे ७० टक्के उंची व्यापतो. फोनवरच्या चंद्रात तरीही डाग आणि विवरं रेखीव दिसत असतील, तर ती सगळी भिंगातून आलेली नसतात. २०२३ मध्ये एका हौशी वापरकर्त्याने मुद्दाम अस्पष्ट केलेला चंद्राचा फोटो संगणकाच्या पडद्यावर लावून सॅमसंगच्या फोनने टिपला, आणि फोनने त्यात तपशील घातले. त्यानंतर कंपनीने आपला फोन चंद्र ओळखून त्यावर एआयची प्रक्रिया कशी करतो, ते समजावून सांगितलं. चंद्राची कायम एकच बाजू आपल्याकडे असते, म्हणून हे जमतं. रोहित पक्ष्याच्या बाबतीत ते जमणार नाही. फोनची पारख करायची तर दूरच्या दुकानाची पाटी किंवा झाडाची पानं पाहा.

झूमचा नसलेला दोष झूमच्या माथी मारणं

उत्तम ऑप्टिकल झूम असूनही फोटो पुसट आला, तर आधी हालचालीचा संशय घ्या. शटरचा वेग (फोटो टिपायला लागणारा वेळ) निदान फोकल लांबीइतका असावा असा जुना ठोकताळा आहे: १२० मिमीला १/१२५ सेकंद, २००० मिमीला १/२०००. कंपन रोखणारी यंत्रणा असली तर बरीच सवलत मिळते, पण ती फक्त तुमच्या हाताचा कंप सावरते, उडणाऱ्या पक्ष्याचा वेग नव्हे. होडीत असाल तर नावाड्याला इंजिन बंद करायला सांगा. दुसरं कारण तापलेली हवा. ऊन चढलं की पाण्यावरची हवा लहरू लागते आणि दोन-तीनशे मीटरवरचा पक्षी कितीही महागड्या भिंगातून विरघळल्यासारखाच दिसतो. त्यावर उपाय एकच, पहाटे जाणं. भिंगावरचा बोटाचा डागही पुसून घ्या.

फोटो व्हॉट्सअॅपवरून आला असेल, तर त्यावरून झूमबद्दल मत बनवू नका. वाटेत तो लहान झालेला असतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

ब्रिज किंवा लहान कॅमेरा वापरत असाल, तर मेनूत जाऊन डिजिटल झूम बंदच करून टाका. बंद करायचा नसेल, तर झूमच्या पट्टीवर लक्ष ठेवा: ऑप्टिकलची हद्द संपते तिथे रेघ असते किंवा पट्टीचा रंग बदलतो, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत झूम तिथे क्षणभर थबकतो. रॉ निवडल्यावर डिजिटल झूम चालतच नाही, असेही पुष्कळ कॅमेरे आहेत. तो बिघाड नाही.

डिजिटल झूम कधीच वापरू नये असं मात्र नाही. दूरच्या बसवरचा क्रमांक वाचायचा असेल, फलकावरचा मजकूर टिपून घ्यायचा असेल, तर खुशाल वापरा.

व्हिडिओ चालू असताना झूम करत राहणं

फोन एका भिंगावरून दुसऱ्यावर उडी मारतो तेव्हा रंग आणि उजेड बदलतो, चौकटीलाही हिसका बसतो. गॅदरिंगचा नाच चित्रित करताना हे फार खटकतं. कार्यक्रम सुरू होण्याआधीच रिकाम्या रंगमंचावर १एक्स आणि टेलिफोटोचा खरा टप्पा दोन्ही पाहून घ्या, मुख्य भिंग झाकून बघण्याची चाचणी तिथल्याच दिव्यांत करा आणि एक टप्पा निवडून शेवटपर्यंत तिथेच राहा. काही फोनच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये भिंग बदलू न देण्याची सोयही असते, ती चालू करा. टेलिफोटो त्या उजेडात टिकत नसेल, तर पुढच्या रांगेतली खुर्ची गाठा आणि १एक्सवर चित्रित करा.