खाऱ्या हवेतला कॉम्प्रेसर: गॅस टर्बाइनवर नव्याने येणाऱ्यांसाठी

उरण किंवा गुहागरजवळच्या अंजनवेलसारख्या ठिकाणी गॅस टर्बाइनवर रुजू झालात, की सगळं लक्ष ज्वाला आणि एक्झॉस्ट तापमानाकडे जातं. हवा ओढून दाबणाऱ्या कॉम्प्रेसरकडे बघायचं राहून जातं. टर्बाइनच्या ताकदीतला निम्म्याच्या आसपास वाटा तोच खातो आणि समुद्राच्या मिठाचा पहिला मारही त्यालाच बसतो.

हवा ब्लेडवर येण्याचा कोन मर्यादेपलीकडे गेला की ती पृष्ठभाग सोडते. हा स्टॉल. आधी तो मोजक्या ब्लेडांपुरता असतो आणि रोटरच्या साधारण निम्म्या वेगाने गोल फिरत राहतो. ३००० आरपीएमच्या मशीनवर व्हायब्रेशन स्पेक्ट्रममध्ये ५० हर्ट्झच्या बरंच खाली नवं शिखर उगवलं, तर शंका घ्या. पुढे सगळाच प्रवाह कोसळून दाबाखालची हवा इनटेककडे उलटली, की तो सर्ज: धडाम आवाज, डिस्चार्ज प्रेशरला झोके, एक्झॉस्ट तापमानाची उसळी. तोवर तुमच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं.

स्टार्टअपला जास्त जपावं लागतं. कमी वेगात हवा पुरेशी दाबली जात नाही, त्यामुळे मागचे अरुंद टप्पे तुंबतात, पुढच्या टप्प्यांतला प्रवाह मंदावतो आणि कोन बिघडतो. म्हणून ब्लीड व्हॉल्व्ह (मधल्या टप्प्यांतली जादा हवा बाहेर सोडणारे) उघडे आणि आयजीव्ही (इनलेटच्या तोंडाशी हवेला दिशा देणाऱ्या, कोन बदलणाऱ्या पाकळ्या) मिटलेल्या ठेवतात. खाऱ्या हवेत या व्हॉल्व्हचे लिमिट स्विच (उघडा की बंद ते कळवणारे) गंजतात, आयजीव्हीचे बुश जाम होतात. पडद्यावरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. शटडाऊनमध्ये प्रत्येक पाकळीचा कोन कोनमापकाने घेऊन फीडबॅकशी ताडून बघा. एखादीच पाकळी मागे राहिली असेल तर फीडबॅक ती दाखवत नाही.

उन्हाळ्यात एक गणित स्वतः करून बघा. करेक्टेड वेग, म्हणजे हवेच्या तापमानानुसार सुधारलेला वेग, काढायला आधी २८८ (१५ अंश सेल्सिअस, केल्विनमध्ये) भागिले इनलेट तापमान (केल्विनमध्येच) याचं वर्गमूळ घ्या आणि त्याने प्रत्यक्ष वेगाला गुणा. ३३ अंशांना तो ९७ टक्के होतो. त्यात ग्रिड ४९.५ हर्ट्झवर आली तर ९६. यंत्र ३००० च्या जवळ फिरत असलं तरी हवेच्या लेखी ते हळू फिरतंय, आणि सर्जपासूनचं अंतर तेवढं आकसतं.

पावसाळ्याचा त्रास वेगळा. आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ पाणी ओढून विरघळतं, फिल्टरमधून पाझरतं आणि पुढे ब्लेडवर वाळतं. शिवाय ओल्या धुळीचा लगदा होतो, पल्स क्लीनिंगने (फिल्टरवर उलटा हवेचा झटका मारून) तो निघत नाही. फिल्टरचा डीपी (दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक) चढतोय एवढंच लिहून शिफ्ट सोडू नका. तो अचानक उतरला तर जास्त घाबरा. कुठेतरी सील फाटलंय किंवा बायपास दार उघडलंय.

मळ ओळखायला कॉम्प्रेसरची कार्यक्षमता काढा. नवखे इथे हमखास दोन ठिकाणी घसरतात: गेज प्रेशरमध्ये वातावरणाचा दाब मिळवत नाहीत आणि तापमान केल्विनमध्ये घेत नाहीत. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही. बेस लोडवर (पूर्ण भारावर), आयजीव्ही पूर्ण उघड्या असतानाचा कल बघा.

चालू मशीनवर डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याने केलेला वॉश मुख्यतः पुढचे टप्पे धुतो. मागचे धुवायचे तर मशीन बंद करून, क्रँकवर (इंधन न पेटवता स्टार्टरने फिरवत), डिटर्जंटने. व्हीलस्पेसचं (टर्बाइनच्या चकत्यांमधल्या पोकळीचं) तापमान मॅन्युअलमधल्या मर्यादेखाली आल्याशिवाय पाणी सोडायचं नाही, नाहीतर तापलेल्या धातूला तडे जातात. ड्रेनच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी आत सोडलेल्या पाण्याच्या जवळ येईपर्यंत खळबळत राहा. ‘दिसायला स्वच्छ’ हा निकष धरू नका, मीठ दिसत नाही.

सर्जवर ट्रिप झाली तर वरून कितीही घाई असो, लगेच रिस्टार्ट नको. कोस्टडाऊनची (रोटर आपोआप थांबेपर्यंतची) वेळ नोंदवा, घासल्याचा आवाज ऐका. सर्जमध्ये अक्षीय थ्रस्ट (शाफ्टच्या लांबीच्या दिशेचा जोर) झोके खातो, म्हणून थ्रस्ट बेअरिंगच्या मेटलचं तापमान आणि रोटरची जागा तपासा. ब्लीड व्हॉल्व्ह प्रत्यक्ष हलवून बघा, आणि बोअरस्कोप (आत कॅमेरा घालून ब्लेडची तपासणी) झाल्यावरच पुढचा स्टार्ट.