पिवळं जेन्शन लावताय? या चुका टाळा

पाकिटावरच्या फोटोत छातीएवढा सरळसोट दांडा आणि पेरापेरावर पिवळ्या फुलांचे झुबके दिसले की बागवेड्याचा हात खिशाकडे जातोच. पण काडेचिराईताच्या कुळातली ही वनस्पती आल्प्स, पिरेनीजच्या थंड कुरणांतली. तिथेही बी रुजल्यापासून फूल यायला आठ-दहा वर्षं लागू शकतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२च्या घरात. त्यामुळे मराठवाड्यात फुलाच्या आशेवर पैसे घालवू नका. रोप दोन हंगाम टिकलं तरी पुष्कळ. कुंपणाला पिवळं फूलच हवं असेल तर तरवड लावा, पाण्याचीही कटकट नाही.

तरीही हौस असेल, तर बहुतेकांचं बिघडतं ते पेरणीतच. पाकीट फोडलं, कुंडीत टाकलं, महिनाभर पाणी घातलं, काहीच नाही. मग दोष बियाणेवाल्याला. कधी बी खरंच जुनं असतं, पण मुख्य कारण वेगळं: या बियाला ओली थंडी लागते. कोरडं पाकीट फ्रिजमध्ये ठेवून काही साधत नाही. मुठीत दाबल्यावर पाणी गळणार नाही इतपत ओलसर वाळूत बी मिसळा, डबीत भरा आणि ऑगस्टअखेर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नको. अडीच-तीन महिन्यांनी पेरा, म्हणजे कोवळ्या रोपाला निदान आपला हिवाळा तरी मिळेल. डबीवर चिठ्ठी चिकटवा, नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत ती उकिरड्यावर जाते.

उथळ कुंडी चालत नाही. सोटमूळ खोल जातं आणि मोठं रोप हलवलेलं त्याला सोसत नाही. दीड फूट खोल कुंडीत वाळू, बारीक मुरूम आणि कुजलेलं शेणखत भरा. नुसती काळी माती पावसाळ्यात पाणी धरते, उन्हाळ्यात भेगाळते. मात्र माती चुनखडीची आहे म्हणून गंधक टाकत बसू नका. हे झाड चुनखडीच्या डोंगरांवरही सुखाने वाढतं.

मार्चमध्ये दुपारी पानं मलूल झाली की लोक बादलीभर पाणी ओततात आणि मूळ कुजतं. आधी बोट खुपसून वाफसा बघा. ओल असेल तर कुंडी सावलीत सरकवा, बस्स.

आणि मूळ औषधी म्हणून कुटून खाऊ नका. पाकिटात नेमकं काय आलंय याची खात्री नसते, आणि दिसायला अगदी तसंच असणारं व्हेराट्रम नावाचं दुसरं झाड विषारी असतं. फूल नसताना पानं बघा: जेन्शनची समोरासमोर जोडीने, व्हेराट्रमची एकाआड एक.