डे की बोर्डिंग? आधी घरातली संध्याकाळ बघा

मंडळाचा गणपती झाला की दरवर्षी दोन-तीन घरांतून मला हमखास फोन येतो. नुकतेच बॉस्टनच्या उत्तरेला राहायला आलेले असतात, मुलगा किंवा मुलगी आठवीत असते आणि गाडीतून जाताना अँडोव्हर गावातल्या फिलिप्स अकॅडमी या खासगी शाळेचं ते हिरवंगार आवार दिसलेलं असतं. "ताई, इथे अर्ज करावा का?" या भागात मला एकोणीस वर्षं झाली. माझी थोरली अशाच एका शाळेत डे स्टुडंट, म्हणजे रोज घरून ये-जा करणारी, होती; धाकटा बोर्डिंगला, म्हणजे शाळेतच, राहिला. दोघांच्या वेळी जे कळलं ते इथे लिहून ठेवते.

आधी एक गोष्ट. लेक्सिंग्टन, ॲक्टन, वेस्टफर्ड या गावांतल्या सरकारी शाळा उत्तम आहेत आणि त्यांना फी नाही. गणित पक्कं व्हावं, पुढे चांगलं कॉलेज मिळावं, एवढ्यासाठी प्रेप स्कूलच्या, म्हणजे कॉलेजची तयारी करून घेणाऱ्या या खासगी शाळांच्या, मागे लागू नका. तिथला खरा फरक वर्गात दिसतो. अँडोव्हरची फिलिप्स अकॅडमी १७७८ची, न्यू हॅम्पशायरमधली एक्सेटर १७८१ची. दोन्ही फिलिप्स घराण्याने काढलेल्या. एक्सेटरला १९३० साली एडवर्ड हार्कनेस या दानशूर धनिकाने मोठी देणगी दिली, तेव्हापासून तिथे बाकं आणि फळा अशी शिकवणी नाही. लंबगोल टेबलाभोवती डझनभर मुलं बसतात, शिक्षकही त्यांच्यातच, आणि तास मुलांच्या बोलण्यावर चालतो. "मोठे बोलत असताना मध्ये बोलू नये" हे ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना हे सुरुवातीला फार जड जातं. पण ज्याला प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही, त्याच्यासाठी हा स्वर्ग आहे. तुमचं मूल असं असेल तर जरूर अर्ज करा.

आता डे की बोर्डिंग. आपल्या कानाला बोर्डिंग म्हणजे धाक. "अभ्यास केला नाहीस तर बोर्डिंगात टाकीन" हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं. त्यामुळे शाळा जवळ असली की आपण डोळे मिटून डे निवडतो: मूल रात्री घरी, ताटात वरणभात, आणखी काय हवं! मीही हेच केलं. पण या शाळांचा दिवस तीन वाजता संपत नाही. वर्ग झाले की खेळ, आणि खेळ बहुतेक ठिकाणी सक्तीचा. मग जेवण, मग नाटकाची किंवा वाद्यवृंदाची तालीम, मग अभ्यासाचा वेळ. काही शाळांत शनिवारीही वर्ग भरतात. अँडोव्हरमध्ये चारातलं जेमतेम एक मूल डे असतं, म्हणजे सगळं वेळापत्रक राहणाऱ्या मुलांच्या सोयीने आखलेलं.

आणि आणायला जायचं कोणी? मॅसॅच्युसेट्समध्ये साडेसोळा वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलांना लायसन्स मिळत नाही, म्हणजे किमान दोन वर्षं रोज रात्री तुमची गाडी. नोव्हेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. त्या वर्षी आम्ही दोघंही बॉस्टनला नोकरीला होतो आणि ९३ नंबरचा रस्ता संध्याकाळी मुंगीच्या पावलांनी चालतो. एका रात्री पोचायला पावणेनऊ झाले. लेक ग्रंथालयाच्या दारात, कोट घालून, दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. बाकीच्या मुली आपापल्या खोलीत गेल्या होत्या. तिला तिथे खोली नव्हती, नुसती खुर्ची होती. ती काही बोलली नाही, पण मला ते अजून आठवतं. पुढच्या आठवड्यात मी ऑफिसचे तास बदलून घेतले आणि मगच तिची शाळा तिला गोड लागायला लागली.

म्हणून सांगते, शाळेच्या नावाआधी घरातली संध्याकाळ बघा. दोघांपैकी एकाला सहानंतर मोकळं राहता येत असेल तर डेसारखं सुख नाही: मूल दोन्हीकडचं होतं. नसेल, तर चौदा वर्षांच्या मुलाला बोर्डिंगला ठेवण्यात अपराधी वाटून घेऊ नका. धाकटा दर शुक्रवारी फोनवर तासभर बोलायचा, घरी असताना तेवढा कधीच बोलला नव्हता. जवळ राहणाऱ्यांना बोर्डिंगसाठी अर्ज करता येतो का, आणि डेवरून पुढे बोर्डिंगला जाता येतं का, हा नियम प्रत्येक शाळेचा वेगळा. फोन करून आधीच विचारा. न्यू हॅम्पशायरमधल्या कॉन्कर्डच्या सेंट पॉल्ससारख्या शाळेत सगळेच राहतात, तिथे हा प्रश्नच नाही.

अर्जाचं गणित सोपं आहे, फक्त लवकर सुरू करा. सर्वांत जास्त जागा नववीला, अकरावीला फारच थोड्या. भेट आणि मुलाखत सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये उरका. बहुतेक अर्ज जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत जातात, निकाल १० मार्चला लागतात, होकार १० एप्रिलपर्यंत कळवायचा. इंग्रजीच्या आणि गणिताच्या शिक्षकांची पत्रं लागतात, त्यांना नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आधी सांगून ठेवा.

एसएसएटी, म्हणजे या शाळांच्या प्रवेशासाठीच्या परीक्षेबद्दल दोन गोष्टी. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, तेव्हा "काहीतरी लिहून ये" ही आपली शिकवण इथे चालत नाही. आणि परसेंटाइल ऐकून घाबरू नका, तुलना याच शाळांना अर्ज करणाऱ्या तयारीच्या मुलांशी असते. सत्तर म्हणजे काठावर पास नव्हे.

मुलाखतीत मात्र आपण पालक घोळ घालतो. थोरलीला बाईंनी विचारलं, सुट्टीत काय करतेस? तिच्याआधी मीच कथ्थक आणि ऑलिंपियाड सांगून मोकळी झाले. नंतर बाईंनी तिला एकटीला आत नेलं, तर ती आजीबरोबर लोणचं घालण्याबद्दल वीस मिनिटं बोलली, कैरी किती सुकवायची इथपर्यंत. निबंधही तिने त्यावरच लिहिला. मी सुधारलेला निबंध फाईलमध्येच राहिला, आणि राहिला ते बरं झालं.

पैशांचं स्पष्ट बोलते. मोठ्या शाळांची बोर्डिंगची फी वर्षाला सत्तर हजार डॉलरच्या आसपास किंवा वर, डेची पन्नास हजारांच्या पुढे. पण मदत मागायला लाजू नका. हा पैसा शाळेच्या स्वतःच्या ठेवींतून येतो. अँडोव्हर तर २००७पासून प्रवेश ठरवताना घरची ऐपत बघतच नाही. व्हिसावर असाल तर तुमच्यासाठी मदतीचा नियम काय, ते लेखी विचारा. गावी आईवडिलांना दरमहा पैसे पाठवत असाल तर तेही मदतीच्या अर्जाबरोबर पत्रात लिहा, फॉर्मच्या रकान्यांत ते दिसत नाही. आणि पहिल्याच वर्षी मागा. "आधी प्रवेश मिळू दे, मग बघू" म्हणणाऱ्यांना दुसऱ्या वर्षी मदत मिळणं कठीण जातं.

प्रवेश मिळाला की एप्रिलमध्ये शाळा पुन्हा बोलावतात. त्या दिवशी इमारती बघत बसू नका. जेवणघरात जा, डेची दोन-तीन मुलं शोधा आणि विचारा: रात्री आठ वाजता तुम्ही कुठे असता?