थोडक्या रकमेसाठी वसुलीचा फोन आला तर तक्रार कशी करावी

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानातून हप्त्यांवर घेतलेल्या फ्रिजचा शेवटचा हप्ता फेडून चार महिने झाले असताना मला एका वसुली एजन्सीचा फोन आला आणि माझ्याकडे ६४९ रुपये थकल्याचे सांगण्यात आले. ५५० रुपये हप्ता कार्डाचे (हप्त्यांवर खरेदीसाठी वित्त कंपनी देते त्या कार्डाचे) वार्षिक शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असा तो हिशेब होता. ते कार्ड मी मागितलेले नव्हते. "एवढ्याशा रकमेसाठी कशाला डोके शिणवता, भरून टाका," असे घरातल्यांचेही म्हणणे पडले. तरीही मी भरले नाहीत. अमान्य असलेले शुल्क केवळ त्रास टळावा म्हणून भरू नये, असे माझे ठाम मत आहे. मात्र ते न भरता गप्प बसणे त्याहून वाईट, कारण मग रक्कम वाढत जाते आणि थकबाकीची नोंद क्रेडिट अहवालात, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या इतिहासात, जाते.

फोन करणाऱ्याशी वाद घालू नये. शुल्क मागे घेण्याचा अधिकार त्याला नसतो. त्याचे नाव, एजन्सीचे नाव, कोणत्या कंपनीच्या वतीने वसुली चालू आहे आणि खाते क्रमांक कोणता, एवढे विचारून तारीख-वेळेसह वहीत लिहावे आणि "मला ही रक्कम मान्य नाही, मी कंपनीला लेखी कळवत आहे," असे सांगून फोन ठेवावा. "निदान शंभर रुपये तरी भरा, म्हणजे फाइल थांबवतो," या विनवणीला मुळीच बळी पडू नये. येणे वसूल करण्यासाठी दावा लावण्याची मुदत साधारणतः ३ वर्षांची असते आणि ती संपण्यापूर्वी अंशतः रक्कम भरली किंवा देणे लेखी मान्य केले, तर मुदत नव्याने मोजली जाते. एजंटच्या वैयक्तिक यूपीआय क्रमांकावर तर कधीही पैसे पाठवू नयेत.

यानंतर मागणी नेमकी कोणाची आहे, हे पाहावे, कारण पुढचा सारा मार्ग त्यावर ठरतो. बँक किंवा वित्त कंपनी असेल, तर तिला रिझर्व्ह बँकेचे नियम लागू होतात. दुकान, जिम किंवा क्लास यांनी स्वतःच लावलेले शुल्क असेल, तर ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार घ्यावा लागतो. दुकानाच्या पावतीवर दुकानाचे नाव असले तरी कर्ज बहुधा वित्त कंपनीचे असते, म्हणून पावतीबरोबर कर्जाचा करारही काढून वाचावा. १ ऑक्टोबर २०२४ पासून दिलेल्या किरकोळ कर्जांसाठी ग्राहकाला समजेल अशा भाषेत 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी व शुल्के दाखवणारे विवरणपत्र, देणे बंधनकारक आहे आणि त्यात न दाखवलेले शुल्क ग्राहकाच्या स्पष्ट संमतीविना आकारता येत नाही. माझ्या कागदांत ते विवरणपत्र सापडले आणि त्यात वार्षिक शुल्काचा उल्लेखच नव्हता. संमतीच्या रकान्यातली टिकची खूण मात्र छापीलच होती, माझ्या पेनाची नव्हती.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करावा आणि तोच मजकूर स्पीड पोस्टानेही पाठवावा. सिटी पोस्टात मिळालेली पावती मी अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवली. मजकूर लहान असावा. माझा असा होता: "कर्ज खाते क्रमांक अमुक यावर आकारलेले ६४९ रुपये मला मान्य नाहीत. या शुल्कास मी दिलेल्या संमतीचा पुरावा आणि खात्याचा संपूर्ण उतारा पाठवावा. पुरावा नसल्यास शुल्क रद्द करून ना-देय प्रमाणपत्र द्यावे, निर्णय होईपर्यंत वसुली थांबवावी आणि थकबाकीची नोंद क्रेडिट अहवालात केली असल्यास ती काढावी." संताप, टोमणे, जुन्या तक्रारी यांपैकी काहीही त्यात घालू नये. तक्रार क्रमांक मात्र मागून घ्यावा.

३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) ऑनलाइन तक्रार करता येते. तिला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. दुकानाविरुद्धची तक्रार असेल, तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवावी. तेवढ्याने भागले नाही, तर पुणे जिल्हा ग्राहक आयोग आहे: वस्तू वा सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तेथे तक्रारीला शुल्क पडत नाही, स्वतः बाजू मांडता येते आणि तक्रारदार पुण्यात राहत असल्यास कंपनी कोठलीही असली तरी तक्रार येथेच दाखल होऊ शकते. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत मात्र पाळावी. ज्या पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत या ग्राहक संघटनेचे काम सुरू झाले, तेथील माणसाने या आयोगाची पायरी चढायला संकोच करू नये.

बँकेच्या किंवा वित्त कंपनीच्या वसुली एजंटने सकाळी ८ पूर्वी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करणे, नातेवाइकांना वा शेजाऱ्यांना कळवून मानहानी करणे, धमकावणे हे रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसत नाही. असे घडल्यास कॉलची नोंद आणि संदेशांचे स्क्रीनशॉट तक्रारीला जोडावेत आणि धमकी गंभीर असेल तर पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा. लोकअदालतीची नोटीस आली म्हणून घाबरू नये, कारण तेथे दोन्ही पक्षांच्या संमतीविना तडजोड होत नाही. न्यायालयाचे समन्स मात्र कधीही दुर्लक्षित करू नये, विशेषतः खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेला (बाउन्स झाला) असेल तर.

क्रेडिट अहवाल वर्षातून एकदा प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून विनामूल्य मिळतो; तो मागवून पाहावाच. चुकीची नोंद दिसल्यास तेथेच हरकत नोंदवावी. ३० दिवसांत तिचे निराकरण झाले नाही, तर त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. कंपनी रक्कम कमी करून 'सेटलमेंट' सुचवील, तेव्हा घाई करू नये: अहवालात 'सेटल्ड' (पूर्ण रक्कम न भरता मिटवलेले) असा शेरा राहिला की पुढे गृहकर्जाच्या वेळी अडचण येऊ शकते. शुल्क पूर्ण रद्द, खाते 'क्लोज्ड' आणि ना-देय प्रमाणपत्र, या तिन्ही गोष्टी लेखी मिळेपर्यंत फाइल बंद करू नये.