स्पर्धा आपल्याला मानवते का, ते कसं ओळखावं

स्पर्धेनं माणूस सुखी होतो की दुःखी, असं पालक मला नेहमी विचारतात. मी बुद्धिबळ शिकवते, मुलांना आणि मोठ्यांनाही. माझं मत पक्कं आहे: स्पर्धा जरूर खेळावी, पण तिच्यामुळे खेळाची ओढ वाढतेय की आटतेय, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं.

त्यासाठी आधी मोकळा वेळ बघा. १९८१ साली मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना सांगितलं, शेजारच्याला हरवून कोडी सोडवा. काहींना एवढंच, की होतील तितक्या लवकर सोडवा. नंतर मोकळं सोडल्यावर ‘हरवा’ सांगितलेल्यांनी कोड्यांना कमी वेळ दिला. हीच कसोटी घरी लावा. स्पर्धा जवळ नसताना, कुणी न सांगता मूल पट मांडून बसतं का? बसत असेल तर निकाल कसेही येवोत, निर्धास्त राहा. पट फक्त स्पर्धेच्या तोंडावर बाहेर निघत असेल, तर बक्षिसं येत असली तरी मला काळजी वाटते. मोठ्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारावा.

हरण्याचं गणित आधीच समजावून द्या. बहुतेक खुल्या स्पर्धा स्विस पद्धतीनं होतात, म्हणजे फेरीगणिक सारखे गुण असलेल्यांची गाठ पडते. जिंकलात की पुढचा प्रतिस्पर्धी आणखी तगडा. म्हणून कितीतरी जण निम्म्या गुणांच्या आसपास थांबतात. पद्धतच तशी आहे. रेटिंगचंही, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याचंही, तेच. समोरच्यापेक्षा तुमचं रेटिंग २०० नं जास्त असलं, तरी एलो या रेटिंग काढायच्या पद्धतीच्या गणितानुसार तुमच्याकडून साधारण ७६ टक्के गुणांचीच अपेक्षा असते. चार डावांत एक गुण गेला, तर ते हिशेबातच आहे! लहान मुलांनाही मी हे कागदावर मांडून दाखवते. रडू थांबत नाही, पण ‘मी मठ्ठच आहे’ हे कमी ऐकू येतं.

नवं शिकलेलं ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची मांडणी, लगेच स्पर्धेत काढू नका. लोक बघत असले की अंगवळणी पडलेलं काम सुधारतं आणि कच्चं असलेलं बिघडतं, असं मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये मांडलं होतं. आधी मित्रांशी खेळून ते मुरू द्या.

आता माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची गोष्ट. डाव संपला की प्रतिस्पर्ध्याला विचारा, ‘बघूया का एकदा?’ बुद्धिबळात ही जुनी रीत आहे. खेळण्याच्या हॉलबाहेर जाऊन दोघांनी पट पुन्हा मांडायचा आणि चाली मागे नेऊन बोलायचं: ‘इथं उंट का नाही मारलास?’ ‘मला तुझ्या घोड्याची धास्ती होती.’ मघाशी जो आपल्याला चिरडायला बसला होता असं वाटत होतं, तोही घाबरलेला होता, हे इथं कळतं. जिंकणाऱ्याला आपला विजय किती थोडक्यात निसटला असता, ते दिसतं. माझ्या शिष्यांच्या कितीतरी मैत्र्या अशाच सुरू झाल्या. हे होईपर्यंत मोबाईलवरचं इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्राम, उघडू नका. ते चूक दाखवतं, पण समोरच्याच्या मनात काय चाललं होतं ते त्याला ठाऊक नसतं. गुणतक्ताही नंतर बघा.

पालकांनो, मूल बाहेर आल्याबरोबर ‘जिंकलास का?’ विचारू नका. निकाल त्याच्या चेहऱ्यावर असतोच. ‘कुठली चाल आवडली?’ असं विचारा. आणि भावंडांच्या रेटिंगची तुलना घरात अजिबात नको.

ऑनलाइन खेळ मात्र वेगळा सांभाळावा लागतो, कारण तिथं स्पर्धा संपतच नाही. हरलो की लगेच पुढचा डाव, गेलेले गुण भरून काढायला. काही अ‍ॅप्समध्ये रेटिंग लपवता येतं, ते लपवा. बिनरेटिंगचे डाव खेळा. बसण्यापूर्वीच किती डाव ते ठरवा.

एवढं करूनही स्पर्धेच्या आदल्या रात्री पोट दुखत असेल, झोप उडत असेल, हरवणाऱ्या मित्राशी बोलणं तुटत असेल, तर काही महिने स्पर्धांची नावनोंदणी थांबवा. क्लास आणि मित्रांबरोबरचे डाव चालू ठेवा. पुन्हा उतरायचं कधी, हे पालकांनी किंवा मी ठरवायचं नाही. मूल आपणहून ‘पुढची स्पर्धा कधी आहे?’ असं विचारेपर्यंत थांबा.