लॉनमधला लव्हाळा: उपटूनही परत का येतो

लॉन कापून दोन-तीन दिवस झाले की सपाट हिरवळीतून काही पाती दोन बोटं वर डोकावतात. रंग पोपटी, पातं तुकतुकीत, पानं बुडातून तीन दिशांना फुटलेली. तुरा आला असेल तर दांडा चिमटीत फिरवून बघा. तीन कडा बोटांना लागतात. हाच लव्हाळा. ओळख पक्की करूनच पुढे जा, कारण गवतावरची बरीच तणनाशकं त्याला लागतच नाहीत.

खुरप्याने ओढलं की पातं हाती येतं आणि काळी गाठ मातीतच राहते. बहुतेक गाठी वरच्या अर्ध्या फुटात, दोऱ्यासारख्या मुळांनी माळेत ओवलेल्या असतात. माळेतली एखादी गाठ वाढत असते तोवर बाकीच्या निजलेल्या. माळ तुटली की त्याही फुटतात. अर्धवट खणलेल्या जागी आधीपेक्षा जास्त कोंब येतात ते यामुळेच.

तुरळक असेल तर हातानेच काढा. पाणी दिल्यावर माती वापशावर आली (ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली) की लांब स्क्रू ड्रायव्हर कोंबापासून दोन बोटांवर तिरका घुसवा, माती उचकटा आणि गाठीसकट उचला. गाठी कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नका. नवा कोंब तीन-चार आठवड्यांत पुढच्या गाठी धरू लागतो, म्हणून पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी फेरी हवी. एक फेरी चुकली की आधीची मेहनत वाया.

लॉनभर पसरला असेल तर हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल 75 टक्के हे तणनाशक वापरा. उसातलं प्रमाण एकरी 36 ग्रॅम, म्हणजे 1,000 चौरस फुटांना जेमतेम 0.8 ग्रॅम. हे चमच्याने मोजायचं काम नव्हे, सोनाराकडे असतो तसा छोटा काटा लागतो. लेबलवर लॉनचा उल्लेख नसेल तर कृषी अधिकाऱ्यांना विचारूनच वापरा, तेही आधी कोपऱ्यातल्या तीन बाय तीन फुटांवर. लव्हाळा तीन ते पाच पानांवर असताना, वारा नसताना फवारा. फुलझाडांवर उडू देऊ नका. आधी आणि नंतर दोन-दोन दिवस लॉन कापू नका. पिवळेपणा दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढ्यात धीर सुटून पाती उपटली, तर औषध गाठीपर्यंत पोचतच नाही.

ग्लायफोसेट हे तणनाशक लॉनची हरळीही मारतं. शिवाय ऑक्टोबर 2022 च्या केंद्राच्या अधिसूचनेने ते फक्त कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच वापरायचं असं ठरवलं होतं.

रिकाम्या वाफ्यात एप्रिल-मे महिन्यांत माती भिजवून पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे अंथरा, कडा मातीने दाबून. काळ्या प्लास्टिकला लव्हाळ्याचं टोकदार कोंब सरळ भोक पाडतं. पारदर्शकाखाली मात्र उजेड मिळाल्याने पान आतच उलगडतं आणि भाजतं. खोलवरच्या गाठी यातूनही वाचतात.

लव्हाळा बहुतेकदा लाल माती, शेणखत किंवा नर्सरीतल्या लॉनच्या गाद्यांबरोबर विकत येतो. टाकण्याआधी पाटीभर माती ओली करून उन्हात ठेवा. पंधरा दिवसांत एकही पोपटी कोंब दिसला, तर ती गाडी परत पाठवा.